पडद्यावरचा चिनी माणूस

परक्या समाजाचें चित्र पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाच्या मनांत दोन इच्छा एकाच वेळीं वास करीत असतात. त्या समाजाची ओळख व्हावी ही एक. आणि त्या समाजाविषयीं आपलें जें मत आधींच बनून राहिलें आहे त्याला पुष्टि मिळावी ही दुसरी. पहिली इच्छा आपण चारचौघांत बोलून दाखवितों, दुसरी दाखवीत नाहीं. पण खुर्चीत बसून टाळ्या वाजविणारी बहुधा ही दुसरीच असते.

चीनच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. चीन आपला शेजारी. परंतु त्याच्याविषयीं आपल्यापाशीं मतें पुष्कळ आणि ओळख थोडी. सरहद्दीवरील तंटा, बाजारांतील स्वस्त माल आणि वर्तमानपत्रांतील मथळे या तीन खिडक्यांतून जेवढा चीन दिसतो तेवढा आपण पाहतों. या खिडक्यांतून राज्य दिसतें, कारखाने दिसतात. माणूस दिसत नाहीं. तो दाखविण्याचें काम चित्रपट करूं शकेल. पण चिनी चित्रपट समोर आला म्हणजे चांगला सुशिक्षित रसिकहि पहिला प्रश्न विचारतो तो असा, कीं याला तेथील सरकारची मान्यता आहे कीं बंदी? मान्यता असल्यास तो प्रचार आणि बंदी असल्यास तें सत्य, असा निवाडा चित्र पाहण्यापूर्वींच होऊन जातो. ही कसोटी फार सोयीची आहे. परंतु ती कलेची कसोटी नव्हे, आणि समाज जाणून घेण्याचीहि नव्हे, असें आमचें म्हणणें असून तें कांहीं चित्रपटांच्या आधारें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम बाहेरच्यांनीं काढलेल्या चित्रांचा विचार करूं. पर्ल बक यांच्या कादंबरीवरून हॉलिवूडनें १९३७ सालीं 'द गुड अर्थ' हा बोलपट काढला. वांग लुंग या शेतकऱ्याची भूमिका पॉल म्युनी यानें आणि त्याची बायको ओ-लान हिची ल्युइझ रायनर हिनें केली, दोघेंहि गोरीं. रायनरला त्या भूमिकेसाठीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामांकित नटी त्या वेळीं हॉलिवूडमध्येंच होती. पण ओ-लानची भूमिका तिच्या वांट्याला आली नाहीं. चित्राचा हेतु वाईट नव्हता. चिनी मनुष्य म्हणजे अफूच्या अड्ड्यांतील कपटी खलपुरुष, अशी जी कल्पना अमेरिकन पडद्यानें रूढ केली होती, तिला या चित्रानें धक्का दिला. दुष्काळांत आणि टोळधाडींत सांपडलेल्या कुणब्याची दैना सहानुभूतीनें रंगविली. पण सहानुभूति निराळी आणि ओळख निराळी. येथला शेतकरी सोशीक, मातीला चिकटलेला, अनादि कालापासून तसाच आहे. क्रांति येते तीहि एखाद्या वावटळीसारखी येऊन निघून जाते. दयेच्या पोटीं काढलेल्या चित्रांत माणूस नेहमीं स्थिर उभा असतो. तो हलला, भांडला, चुकला, तर दया करावी कोणावर?

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर शांतारामबापूंचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट घ्यावा लागेल. १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच भारतीय डॉक्टरांपैकीं सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९४२ सालीं तेथेंच मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकावरून हा चित्रपट निघाला. त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनीं केली. मराठी माणसाला या चित्राचा अभिमान वाटावा हें योग्यच आहे. परंतु चीन तेथें येतो तो एका भारतीय वीराच्या त्यागाची पार्श्वभूमि म्हणून. हॉलिवूडची दया आणि आपला अभिमान यांत नीतीच्या दृष्टीनें पुष्कळ अंतर असेल. चित्रणाच्या दृष्टीनें तें फारसें नाहीं. दोहोंतहि चिनी मुखवट्याआडून बोलणारें मन चित्र काढणाराचेंच आहे.

मुखवटा दूर सारून खऱ्या चेहऱ्यांकडे पाहण्याचा एक मोठा प्रयत्न आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकानें केला. १९७२ सालीं, सांस्कृतिक क्रांति चालू असतांना, खुद्द चिनी सरकारच्या निमंत्रणावरून तो तेथें गेला आणि 'चुंग क्वो' हा सुमारें साडेतीन तासांचा माहितीपट घेऊन परत आला. दाखवावयाचें म्हणून जें नेमून दिलेलें असे तें त्याचा कॅमेरा पाहतोच. पण मधेंच तो कडेला वळतो. बाजारहाट करणाऱ्या बायका, चहाच्या दुकानांतले म्हातारे, हेनान प्रांतांतील एका खेड्यांत या परक्या पाहुण्यांकडे भयानें आणि कुतूहलानें पाहत राहिलेले गांवकरी, यांच्यावर तो रेंगाळतो. जानेवारी १९७४ मध्यें 'पीपल्स डेली' या सरकारी पत्रानें या चित्रावर मोठा हल्ला चढविला. त्यांतील एक आक्षेप मोठा मासलेवाईक आहे. नानजिंग येथील यांगत्से नदीवरचा भव्य पूल दिग्दर्शकानें मुद्दाम वाईट कोनांतून घेतला आणि त्याच्याखालीं वाळत घातलेल्या विजारी दाखविल्या, असा तो आक्षेप! टीकाकारांना त्यांत राष्ट्राचा उपमर्द दिसला. आम्हांला वाटतें, त्या एका दृश्यांत या साऱ्या वादाचें बीज आहे. पूल ही राज्याची कृति. विजारी ही माणसाच्या असण्याची खूण. ज्याला पुलाचा अभिमान आहे त्यानें पुलाखालीं राहणाऱ्याची लाज कां वाटून घ्यावी? हा चित्रपट चीनमध्यें उघडपणें दाखविला जावयास २००४ साल उजाडावें लागलें.

तरीहि आंतोनिओनीच्या चित्राला एक मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिक परकेपणाची मर्यादा आहे. त्यांत चेहरे दिसतात. त्या चेहऱ्यांचें गाऱ्हाणें ऐकूं येत नाहीं. गाऱ्हाणें ऐकावयाचें तर घरच्या माणसाकडेच गेलें पाहिजे.

झांग यिमौ याचा १९९२ सालचा चित्रपट म्हणजे एका गाऱ्हाण्याचीच हकीकत आहे. परदेशांत त्याला 'चिऊ जूची गोष्ट' अशा अर्थाचें नांव मिळालें. चिनी नांवाचा अर्थ 'चिऊ जू कोर्टांत जाते' असा आहे. शेन्सी प्रांतांतील एका खेड्यांत मिरच्या पिकविणारें हें कुटुंब. नवरा गांवच्या प्रमुखाशीं बोलाचालींत तोल सोडून त्याला नुसत्या मुलीच झाल्याबद्दल हिणवितो. प्रमुख संतापून त्याला नाजुक जागीं लाथ मारतो. दवाखान्याचा खर्च द्यावयास प्रमुखाची ना नाहीं. पण नोटा तो चिऊ जूच्या हातांत देत नाहीं, जमिनीवर फेंकतो. उचलतांना तिनें आपल्यापुढें वांकावें एवढाच त्याचा हेतु. ती वांकत नाहीं. दिवस भरत आलेली ही बाई नणंदेला बरोबर घेऊन, मिरच्या विकून वाटखर्च उभा करीत, गांवाकडून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराला जाते. तिला पैसे नको आहेत, प्रमुखाला तुरुंगहि नको आहे. तिला 'शुओफा' हवा आहे. या शब्दाला मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. 'झालें तें चुकलें' असें ज्यानें चुकविलें त्यानें आपल्या तोंडानें म्हणावें, आणि त्यानें ऐकणाराच्या मनाची जी भरपाई व्हावी, ती या शब्दांत आहे.

आतां मघाची सोयीची कसोटी येथें लावून पाहा. सरकारी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध नागरिकाला न्यायालयांत जातां यावें असा कायदा चीनमध्यें १९८९ सालीं मंजूर होऊन १ ऑक्टोबर १९९० पासून अंमलांत आला होता. चित्रपटांत पोलीस सभ्य आहेत, अधिकारी समंजस आहेत, वकील तत्पर आहे. जणूं त्या कायद्याची जाहिरातच. सरकारला चित्र पसंत पडलें. याच दिग्दर्शकाच्या 'जू डोऊ' आणि 'रेझ द रेड लँटर्न' या आधींच्या दोन चित्रांवर असलेली बंदीहि उठली. तेव्हां कसोटीप्रमाणें हा प्रचारपट ठरावा. पण शेवट पाहा. हिवाळ्याच्या रात्रीं चिऊ जू अडते. आणि तोच प्रमुख माणसें गोळा करून तिला बर्फांतून दवाखान्यांत पोंचवितो. मुलगा होतो, जीव वांचतो, वैर विरून जातें. मुलाच्या महिन्याच्या जेवणाला प्रमुखानें यावें म्हणून ती आग्रहाचें बोलावणें करते. पंगत मांडली आहे, सारें घर त्याची वाट पाहत आहे, आणि तेवढ्यांत बातमी येते कीं पोलीस प्रमुखाला घेऊन गेले. क्ष-किरणाच्या चित्रांत नवऱ्याची बरगडी मोडल्याचें निघालें होतें; कायद्यानें पंधरा दिवसांची कोठडी ठरली. ती धांवत रस्त्यावर येते. गाडी गेलेली असते. तिच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर चित्र थांबतें.

कायद्यानें आपलें काम चोख केलें, आणि तिला जें हवें होतें तेवढें सोडून बाकीचें सारें दिलें! नव्या चीनची स्थिति याहून अचूकपणें कोणी मांडली असेल असें आम्हांला वाटत नाहीं. जुन्या गांवांत अन्याय होता, पण त्याच गांवांत रात्रीं दार ठोठावण्याजोगा शेजारहि होता. नवें राज्य न्याय घेऊन आलें, आणि तो देतांना त्यानें शेजार मोडला. यांत दोषी कोण हें चित्र सांगत नाहीं. झू सूली या चिनी कायदेपंडितानें १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत चिऊ जूच्या या गोंधळाचाच आधार घेऊन, बाहेरून आणलेला कायदा आणि गांवची रीत यांच्या संबंधाचा प्रश्न उभा केला, आणि तेथील विधिज्ञांत त्यावर पुढें पुष्कळ वर्षें वाद चालला. सरकारला पसंत पडलेल्या चित्रानें सरकारच्या कायद्यालाच असा प्रश्न विचारावा, हें कसें घडलें? झांगनें पुष्कळ दृश्यें लपविलेल्या कॅमेऱ्यानें खऱ्या बाजारांत आणि खऱ्या रस्त्यांवर घेतलीं. गोंग लीसारखी प्रख्यात नटी जाड गोधडीसारख्या कोटांत त्या गर्दींत हरवून गेली. बहुतेक इतर भूमिका सामान्य लोकांनीं केल्या. माणसें खरीं आलीं, आणि खरीं माणसें कोणत्याहि सिद्धान्तांत पुरतीं मावत नाहींत. प्रचाराचा पराभव येथें विरोधानें झालेला नाहीं. तो माणसांच्या भरगच्चपणानें झाला आहे.

चिऊ जूचें गांव निदान जागेवर होतें. जिया झांगके याच्या २००६ सालच्या चित्रांत गांवच पाण्याखालीं जात आहे. या चित्राच्याहि दोन नांवांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. परदेशी रसिकांसाठीं तें 'स्टिल लाइफ', म्हणजे चित्रकलेंतील अचल वस्तूंचें चित्र; चिनी नांवाचा अर्थ मात्र 'तीन घळींतलीं भलीं माणसें' असा होतो. एका नांवांत वस्तु आहे, दुसऱ्यांत माणूस. आणि चित्रांत दोन्ही आहेत. स्थळ यांगत्सेच्या कांठचें फेंगजिए. आठव्या शतकांत दू फू हा महाकवि या गांवीं राहून गेला. तीन घळींच्या महाकाय धरणासाठीं अशीं कित्येक गांवें बुडालीं आणि बारा लाखांहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. जियाचा कॅमेरा येथें आला तेव्हां निम्में शहर बुडालें होतें आणि उरलेलें मजूर हातोड्यांनीं पाडीत होते.

शान्सीच्या कोळशाच्या खाणींतला एक मजूर सोळा वर्षांपूर्वीं निघून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधीत तेथें येतो. पत्ता म्हणून त्याच्याजवळ जें आहे तें गांव आतां नदीच्या तळाशीं आहे. ही बायको त्यानें पूर्वीं पैसे देऊन आणलेली होती. दिग्दर्शक हें लपवीत नाहीं, आणि त्यावर व्याख्यानहि देत नाहीं. मजुराचें काम दिग्दर्शकाच्या नात्यांतल्याच हान सानमिंग या माणसानें केलें असून तो स्वतः खाणींत राबलेला आहे. दुसरीकडे एक परिचारिका दोन वर्षें घरीं न आलेल्या नवऱ्याला शोधते आहे. सांपडल्यावर ती त्याच्याजवळ घटस्फोट मागते. कथानक म्हणावें तें एवढेंच.

परंतु त्यांतील तपशील पाहा. मजूर एकमेकांना आपापलें गांव सांगतात तें नोटांवरच्या चित्रांवरून. दहा युआनच्या नोटेवर याच घळीचें चित्र आहे. पाहुणा मजूर ती नोट हातांत धरून समोरच्या खऱ्या घळीशीं ताडून पाहतो. राज्यानें ज्या देखाव्याची नोट छापली तोच देखावा राज्य बुडवीत आहे, हें येथें कोणी बोलत नाहीं. पुढें नवराबायको एका पडक्या इमारतींत उकिडवीं बसतात. एक टॉफी तो अर्धी खातो, अर्धी तिला देतो. आणि दूरवर एक उंच इमारत खालीं कोसळते. सोळा वर्षांच्या विरहानंतर त्यांना बोलावयास सुचतें तें एवढेंच. मधेंच एक विचित्र इमारत अग्निबाणासारखी आकाशांत उडून जाते, आणि कोणी मान वळवूनहि पाहत नाहीं. समीक्षकांनीं या दृश्याचे नाना अर्थ केले. आम्हांला तो अर्थ सरळ वाटतो : ज्या ठिकाणीं दोन हजार वर्षांचें शहर दोन वर्षांत नाहींसें होतें, त्या ठिकाणीं इमारत उडाली यांत नवल तें काय?

शेवटीं बायकोला सोडवून नेण्यासाठीं तिच्या भावाचें तीस हजार युआनचें देणें फेडावें लागणार, म्हणून तो पुन्हा खाणींत जावयास निघतो. इतर मजूरहि बरोबर येऊं म्हणतात. सकाळीं खालीं उतरलेला माणूस संध्याकाळीं वर येईलच असें नाहीं, एवढें तो त्यांना सांगून ठेवतो. हें चित्रहि बंदी घातलेलें नव्हे. त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला आणि २००६ च्या डिसेंबरांत तें चीनमध्येंहि लागलें. पण त्याच दिवसांत झांग यिमौचा सोन्यानें मढविलेला ऐतिहासिक भव्यपट लागला होता, आणि लोक तिकडे गेले. सरकारनें जें अडविलें नाहीं तें बाजारानें अडविलें. बंदीच्या कसोटीवर विसंबणाऱ्यांना हा दुसरा पहारेकरी दिसतच नाहीं.

आतां याच दिग्दर्शकाचा १९१३ नव्हे, शंभर वर्षांनंतरचा, म्हणजे २०१३ सालचा 'अ टच ऑफ सिन' पाहा. कान येथें त्याला पटकथेचें पारितोषिक मिळालें. चीनच्या चित्रगृहांत तो लागला नाहीं. त्यांतील चार गोष्टी देशांत गाजलेल्या चार खऱ्या घटनांवरून घेतल्या आहेत, आणि प्रत्येकीचा शेवट हिंसेंत होतो. गांवची खाण गिळंकृत करणाऱ्यांवर बंदूक उचलणारा दाहाय विसरतां येत नाहीं. तरीहि दुसरी गोष्ट संपतां संपतां प्रेक्षकाला रक्ताची वाट पाहण्याची संवय लागते. पुढचीं माणसें येतात तीं एका सिद्धान्ताचे दाखले म्हणून. सिद्धान्त खरा असेल, आणि दिग्दर्शकाचें धैर्य तर निर्विवादच आहे. पण टॉफी अर्धी करून देणारा मजूर कोणत्याच सिद्धान्ताचा दाखला नव्हता, म्हणून तो अधिक खरा होता. परवानगी मिळालेलें चित्र थोर आणि न मिळालेलें त्याहून उणें, असा हा निकाल आमच्या सोयीच्या कसोटीला अगदींच गैरसोयीचा आहे.

बाजार आणि सरकार या दोन्ही पहारेकऱ्यांना ओलांडून गेलेलें एक चित्र आपल्या विशेष परिचयाचें असावयास हवें. कारण त्याच्या कथेंत भारत आहे. वेन मुये याचा २०१८ सालचा चित्रपट परदेशांत 'डाइंग टु सर्व्हाइव्ह' म्हणून गेला. चिनी नांवाचा अर्थ 'मी औषधाचा देव नव्हे' असा आहे. रक्ताच्या कर्करोगावरील स्विस औषध परवडत नाहीं म्हणून शांघायचा एक कफल्लक दुकानदार तेंच औषध भारतांतून स्वस्तांत चोरून आणूं लागतो. आरंभीं नफ्यासाठीं, पुढें पदरमोड करून. मूळ घटना लू योंग या रुग्णाची. त्याच्यावर खटला भरला गेला आणि २०१५ सालीं तो मागें घेण्यांत आला. चित्रांत एक म्हातारी पोलिसाला विनविते : औषधापायीं माझें घर गेलें, घरचीं माणसें खचलीं, आतां स्वस्त औषध आणणारालाहि तुम्ही धरणार; तुमच्या घरीं कधीं कोणी आजारी पडणार नाहीं काय? या प्रश्नावर तो पोलीस निरुत्तर होतो आणि सारें चित्रगृहहि. तीनशे कोटि युआनांहून अधिक उत्पन्न झालें. त्या वेळचे पंतप्रधान ली केचियांग यांनीं जुलै २०१८ मध्यें या चित्राचा उल्लेख करून कर्करोगाच्या औषधांचे भाव लवकर उतरविण्यास सांगितलें. चित्राच्या अखेरीस सरकारनें केलेल्या सुधारणांची यादी पडद्यावर येते. ती यादी म्हणजे परवान्याची किंमत होय, हें न समजण्याइतका प्रेक्षक भाबडा नसतो. पण म्हातारीचा प्रश्न त्या यादीच्या आधीं विचारला गेला आहे, आणि यादीनें तो पुसला जात नाहीं.

याच चित्रांत एक स्थळ आपल्याला बोचणारें आहे. नायक भारतांत येतो तेव्हां रस्त्यावर धुराचे लोट उठत असतात आणि त्यांतून देवतांच्या प्रचंड मूर्ति पुढें सरकतात. औषध बनविणारा भारत, रसायनशास्त्रज्ञांचा भारत, तेथें दिसत नाहीं. धूर आणि देव दिसतात. आपण ज्या खिडकींतून चीनकडे पाहतों तसल्याच खिडकींतून चिनी कॅमेरा आपल्याकडे पाहतो. हें पाहून रागावण्यापेक्षां खजील व्हावें हें बरें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हें सारें म्हणजे बंदीची भलावण झाली नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. झांग यिमौच्या १९९४ सालच्या 'टु लिव्ह' मध्यें गे यौ यानें केलेल्या कामाला कानचें पारितोषिक मिळालें, पण ज्यांच्या आयुष्याची ती कथा त्या लोकांना तें आपल्या चित्रगृहांत पाहतां आलें नाहीं. त्याच्या आदल्या वर्षींच्या तियान झुआंगझुआंग याच्या 'द ब्लू काइट' चीहि तीच गत. बंदीमुळें चित्र मरत नसेल. पण समाजाचें स्वतःशीं चाललेलें संभाषण तुटतें, आणि ती हानि कोणतेंहि परदेशी पारितोषिक भरून काढीत नाहीं. शिवाय जीं चित्रें निघालींच नाहींत त्यांची गणती कोणी करावी? आमचें म्हणणें इतकेंच कीं बंदी हा राज्याविषयींचा पुरावा आहे, चित्राविषयींचा नव्हे. राज्य कशाला भितें हें ती सांगते. चित्रांत माणूस आहे कीं नाहीं हें चित्रालाच विचारावें लागतें.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनीं रसास्वादाच्या वेळीं 'हें माझें' आणि 'हें परक्याचें' हा भेद गळून पडतो असें सांगितलें आणि त्याला साधारणीकरण हें नांव दिलें. परक्या समाजाच्या चित्रणाला याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाहीं. 'द गुड अर्थ' पाहतांना आपण कींव करतों. कींव करणारा वर उभा असतो. भव्यपट पाहतांना दिपून जातों; दिपलेला खालीं बसलेला असतो. चिऊ जू रस्त्यावर धांवत येऊन थबकते तेव्हां मात्र आपण तिच्या शेजारीं, त्याच धुळींत, उभे असतों. ती चिनी आहे हें त्या क्षणीं आठवत नाहीं, आणि आठवतें तेव्हां चीन आपल्याला पूर्वींपेक्षां अधिक कळलेला असतो. त्या खाणकामगाराच्या हातांतली नोट पाहून ज्याला आपल्याकडील एखाद्या बुडालेल्या गांवाची आठवण होईल, त्याला चीन समजावयास वर्तमानपत्राची वाट पाहावी लागणार नाहीं.